फिलाडेल्फिया : दोघं, तीन दिवस आणि पोस्टाचा एक शिक्का

खाडीकाठची

"आईबाबा, फिलाडेल्फिया एका दिवसात होतं. घंटा बघू, म्युझियमच्या पायऱ्यांवर फोटो काढू, रात्री जेवायला घरी." लेक असं म्हणाली आणि आमचे हे पटकन बोलून गेले, "तुम्ही कामावर जा. आम्ही दोघंच जातो आणि तीन दिवस राहतो." मी बघतच राहिले. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण परदेशात आम्ही दोघंच कुठे गेलो नव्हतो.

ह्यांच्या हट्टाला कारण होतं. हे पोस्टखात्यातून निवृत्त झाले. फिलाडेल्फिया हे बेंजामिन फ्रँकलिनचं गाव. तो १७३७ साली तिथला पोस्टमास्तर झाला आणि १७७५ मध्ये अमेरिकेचा पहिला पोस्टमास्तर जनरल. माझं कारण वेगळं. मी कल्याणची. डॉ. आनंदीबाई जोशींचं माहेरही कल्याणचं, आणि त्या डॉक्टर झाल्या त्या फिलाडेल्फियात. त्यांचे यजमान गोपाळरावसुद्धा पोस्टातलेच कारकून. एवढं सगळं जुळून आल्यावर एका दिवसात उरकून येणं आम्हाला पटेना.

जुलैच्या मध्यात गेलो. लेक न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिथून एनजे ट्रान्झिटच्या गाडीने ट्रेंटन, तिथे उतरून सेप्टाची, म्हणजे फिलाडेल्फियाच्या वाहतूक सेवेची लोकल, आणि साधारण दोन तासांत जेफर्सन स्टेशन. लोकलने आयुष्य काढलेल्या माणसाला यात काहीच अवघड नाही. हवा मात्र मे महिन्यातल्या कल्याणसारखी. पारा पस्तिशीत, घामाच्या धारा, आणि गाव सगळं विटांचं, त्यामुळे संध्याकाळी सातलासुद्धा भिंतीला हात लावला तर ऊब लागायची. पहिल्या रात्री हॉटेलच्या खोलीतला एसी बंद पडला आणि मध्यरात्री खोली बदलावी लागली. हॉटेलचं नाव लिहीत नाही. सामान उचलून तीन मजले वर गेलो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंडिपेंडन्स हॉल. उन्हाळ्यात आत जायला वेळ ठरलेलं तिकीट लागतं. तिकीट फुकट, पण ऑनलाइन घेतलं तर माणशी एक डॉलर आरक्षणाचा. लेकीने आधीच घेऊन ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर आमची निराशा झाली असती. ही इमारत मुळात पेन्सिल्व्हेनिया प्रांताचं सभागृह. बांधकाम १७३२ ला सुरू झालं. ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा इथे मंजूर झाला आणि १७ सप्टेंबर १७८७ ला राज्यघटनेवर सह्या झाल्या त्याही याच खोलीत. खोली आपल्याकडच्या शाळेतल्या वर्गाएवढी वाटते. टेबलांवर हिरवं कापड, पिसांच्या लेखण्या, मेणबत्त्या. बरंचसं सामान त्या काळातलं असलं तरी नंतर जमवलेलं, पण समोरची उंच पाठीची खुर्ची अस्सल. घटनेची चर्चा चालू असताना वॉशिंग्टन याच खुर्चीत बसत. पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. फ्रँकलिन तेव्हा ८१ वर्षांचा होता. चर्चा चालू असताना तो त्या सूर्याकडे बघत बसायचा, हा उगवतोय की मावळतोय ते त्याला कळेना. सह्या झाल्या त्या दिवशी तो म्हणाला की हा उगवता सूर्य आहे हे आता समजलं. गाइडने हे सांगितल्यावर हे माझ्या कानात म्हणाले, "मावळता असता तरी खुर्ची हीच असती." मला ते वाक्य दिवसभर पुरलं.

समोर रस्त्यापलीकडे लिबर्टी बेल. तिला तिकीट नाही, रांग आहे. घंटेबद्दल सगळे लिहितात, म्हणून मी आवरतं घेते. आत जाण्याआधी डावी-उजवीकडे बघा, हे मात्र पोटतिडकीने सांगते. दाराशेजारीच उघड्यावर एका घराचा नुसता आराखडा उभा आहे. अर्ध्या भिंती, विटांच्या चौकटी, वर छप्पर नाही. १७९० ते १८०० फिलाडेल्फिया देशाची राजधानी होती, तेव्हा राष्ट्राध्यक्ष इथे राहत. आधी वॉशिंग्टन, मग अ‍ॅडम्स. वॉशिंग्टन यांनी या घरात नऊ गुलाम ठेवले होते. दगडी भिंतीवर त्यांची नावं कोरली आहेत. ऑस्टिन, पॅरिस, हर्क्युलिस, ख्रिस्तोफर शील्स, रिचमंड, जाइल्स, ओनी जज, मॉल, जो. काहींना आडनावच नाही. मी एकेका नावावर बोट ठेवून वाचलं. दगड उन्हाने तापलेला होता.

पेन्सिल्व्हेनियाने १७८० सालीच गुलामी हळूहळू संपवणारा कायदा केला होता. बाहेरच्या प्रांतातला मालक इथे राहायला आला आणि त्याचा गुलाम सहा महिन्यांहून जास्त इथे राहिला, तर त्याला स्वातंत्र्य मागता येई. म्हणून सहा महिने भरत आले की वॉशिंग्टन त्यांना प्रांताबाहेर पाठवत आणि परत आणत. ओनी जज ही मार्था वॉशिंग्टन यांची दासी. आपल्याला नातीला आंदण म्हणून देणार आहेत हे तिला कळलं. २१ मे १७९६ ला घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ती निघून गेली. न्यू हॅम्पशरला पोचली. तिला परत आणायचे प्रयत्न झाले, पण ती सापडली तरी परत आली नाही. तिथेच १८४८ साली वारली. कायद्याच्या दृष्टीने ती शेवटपर्यंत पळालेली दासीच राहिली. आणि स्वातंत्र्याच्या घंटेचं दार, गुलाम जिथे झोपत त्या जागेपासून चार पावलांवर आहे. माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

मार्केट स्ट्रीटवर पुढे गेलं की ह्यांचं तीर्थक्षेत्र. बी. फ्री फ्रँकलिन नावाचं पोस्ट ऑफिस. फ्रँकलिन पत्रांवर अशी सही करायचा, तेच नाव आजही शिक्क्यावर आहे. दारावर अमेरिकेचा झेंडा नाही, कारण १७७५ मध्ये तो झेंडा जन्मालाच आला नव्हता. शिक्का हाताने मारतात. ह्यांनी एक पोस्टकार्ड घेतलं, उभ्याउभ्याच आमचा कल्याणचा पत्ता लिहिला आणि खिडकीत दिलं. पलीकडच्या बाईंनी शिक्का शाईच्या गादीवर दोनदा टेकवला, कार्ड सरळ केलं आणि एकदाच, अगदी नेमका दाब देऊन उठवला. गोल पूर्ण, एकही अक्षर फुटलेलं नाही. ह्यांनी हात जोडले. त्या बाईंना कळलं असावं, त्यांनी रिकाम्या कागदावर अजून एक उठवून ह्यांना दिला. तो कागद आता ह्यांच्या पासपोर्टमध्ये आहे.

तिसऱ्या दिवशी टॅक्सी करून नॉर्थ कॉलेज अव्हेन्यू आणि एकविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर गेलो. वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेन्सिल्व्हेनिया इथे होतं. बायकांना डॉक्टर करण्यासाठी १८५० साली काढलेलं कॉलेज. १९३० मध्ये ते शहराच्या ईस्ट फॉल्स भागात गेलं. कॉलेज इथे होतं हे सांगणारं काही आम्हाला कोपऱ्यावर दिसलं नाही. रस्त्याच्या एका बाजूला जिरार्ड कॉलेजची लांबच लांब दगडी भिंत आहे, ती मात्र आनंदीबाईंच्याही आधीची. म्हणजे ही भिंत त्यांनी रोज पाहिली असणार. मी त्या भिंतीला हात लावून उभी राहिले. अठराव्या वर्षी, १८८३ च्या जूनमध्ये, ही मुलगी नवऱ्याशिवाय बोटीने न्यूयॉर्कला उतरली. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. इथल्या थंडीत खोली नीट गरम होत नसे, त्यातून आजार जडला. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली तेव्हा एकविसावं वर्ष पूर्ण व्हायला वीस दिवस बाकी होते. समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात सगळं संपलं.

ह्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, थोडं पाणी भिंतीच्या कडेला ओतलं. काही बोलले नाहीत. आम्ही पाच मिनिटं उभे राहिलो आणि निघालो.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. कोणी जाणार असाल तर विचारा.

---

रानजाई

ताई, सकाळी सकाळी रडवलंत. फिलाडेल्फियाला तीनदा गेलेय, त्या घराच्या चौकटीशेजारूनच रांगेत उभी राहिलेय आणि भिंतीवर काय लिहिलंय ते एकदाही वाचलं नाही. मुलांना आइस्क्रीम हवं होतं, रांग सरकत होती. पुढच्या वेळी नावं वाचणार.

शाकाहारी खाण्याचं काय केलंत? माझे सासू-सासरे येतायत, सासरे कांदा-लसूणही खात नाहीत.

---

खाडीकाठची

रानजाई, खाण्याची चिंता करू नका. जेफर्सन स्टेशनला लागूनच रीडिंग टर्मिनल मार्केट आहे. १८९३ पासूनचा बाजार. वर आगगाड्यांचं स्टेशन होतं आणि खाली मंडई. फळं, भाज्या, मासे, ब्रेड, सगळं एका छपराखाली. लँकेस्टरकडचे अमिश, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे लोक तिथे दुकानं लावतात, त्यांचा गरम प्रेटझेल खायलाच हवा. पीठ समोर लाटून, वेटोळं घालून, भट्टीतून काढून लोण्यात बुडवतात. बाहेरून खरपूस, आतून लुसलुशीत. अमिश मंडळी रविवारी नसतात, तेवढं लक्षात ठेवा. भारतीय जेवणाचाही एक गाळा आम्हाला दिसला. सासऱ्यांसाठी मात्र घरून दशम्या आणि दाण्याची चटणी न्या, आम्हीही नेल्या होत्या.

उन्हात फिरताना वॉटर आइस घ्या. आपल्या बर्फाच्या गोळ्याचं मऊ भावंड म्हणा. दूध नसतं, त्यामुळे जड होत नाही.

---

विटांचं_गाव

मी गेली अकरा वर्षं फिलाडेल्फियात आहे. काकू, तुम्ही ज्या क्रमाने गाव पाहिलंत त्याच क्रमाने दाखवायला हवं. घंटेबद्दल मी दोन गोष्टी जोडतो, कारण पाहुण्यांना घेऊन पन्नासेक वेळा तरी तिच्यासमोर उभा राहिलोय.

ती १७५२ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल फाउंड्रीतून आली आणि पहिल्याच ठोक्याला तडकली. इथल्या पास आणि स्टो या दोघा ओतकाम करणाऱ्यांनी ती वितळवून १७५३ मध्ये पुन्हा ओतली. त्यांची नावं घंटेवर आहेत. वजन साधारण ९४० किलो. सगळे जी मोठी भेग बघतात ती मुळात एवढी रुंद नव्हती. १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या वाढदिवसाला वाजवायची म्हणून भेगेच्या कडा एकमेकींवर घासू नयेत यासाठी ती मुद्दाम कोरून रुंद केली. कोरल्याच्या खुणा जवळून दिसतात. पण त्याने उपयोग झाला नाही, वरच्या बाजूला केसासारखी दुसरी भेग गेली, आणि ती 'लिबर्टी' या शब्दातूनच गेली. तेव्हापासून घंटा मुकी आहे. शोधायची असेल तर मोठ्या भेगेच्या वरच्या टोकाशी नजर लावा आणि उजवीकडे सरका.

दुसरं म्हणजे, १७७६ मध्ये तिला कोणी लिबर्टी बेल म्हणत नव्हतं. हे नाव १८३० च्या दशकात गुलामीविरुद्ध लढणाऱ्यांनी दिलं. त्यामुळे ते घर आणि ही घंटा शेजारी आहेत ते योग्यच आहे.

---

उतारवाट

लेख चांगला आहे, पण एक विचारू का? एवढ्या लांब फिरायला यायचं, पैसे खर्च करायचे, आणि गुलामांची नावं वाचून मन खराब करून घ्यायचं? वॉशिंग्टनने देश घडवला, ते मोठंच आहे. अडीचशे वर्षांपूर्वी सगळीकडे तसंच होतं. आम्ही एका दिवसात घंटा, हॉल, म्युझियमच्या पायऱ्या आणि फ्रँकलिनची कबर केली आणि खूप समाधानाने परत आलो.

---

खाडीकाठची

उतारवाट, तुमचं समाधान खरंच आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण 'सगळीकडे तसंच होतं' हे फिलाडेल्फियाच्या बाबतीत खरं नाही. त्याच गावात १७८० चा कायदा होता, आणि तो चुकवण्यासाठीच माणसं सहा महिन्यांनी हलवली जात होती. म्हणजे चूक आहे हे तेव्हाच्या लोकांनाही ठाऊक होतं. हॉलपासून थोड्याच अंतरावर, सातव्या रस्त्यावर जेफरसनने भाड्याच्या खोल्यांत बसून जाहीरनामा लिहिला, तेव्हा त्याची सेवा करायला रॉबर्ट हेमिंग्ज नावाचा चौदा वर्षांचा गुलाम मुलगा होता. तो नात्याने जेफरसनच्या बायकोचा सावत्र भाऊ.

मला यामुळे वॉशिंग्टन लहान वाटला नाही. ओनी जज मोठी वाटली. मन खराब झालं नाही, भरून आलं. दोन्हींत फरक आहे.

---

पाटीपुस्तक

खाडीकाठचीताई, एक आठवण करून देते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं होतं, कारण त्यांनी निग्रो लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. आपल्या शूद्र बांधवांना सोडवताना देशबांधवांनी तोच कित्ता गिरवावा अशी आशा त्यांनी व्यक्त केली. पुण्यात बसून त्या माणसाने ही नाळ दीडशे वर्षांपूर्वी जोडली. त्यामुळे त्या भिंतीपुढे मराठी माणसाने थांबणं मला अगदी स्वाभाविक वाटतं. मी शाळेत शिकवते. या वर्षी मुलांना अर्पणपत्रिका वाचून दाखवताना त्या नऊ जणांची नावंही फळ्यावर लिहीन.

---

उतारवाट

अर्पणपत्रिकेचं मला माहीत नव्हतं. पाटीपुस्तक, धन्यवाद. फोटो काढून पाहिले, आमच्या एका फोटोत मागे ती भिंत आहे. नावं दिसतात, वाचता येत नाहीत.

---

हडसनची_हवा

आनंदीबाईंबद्दल लिहिलंत म्हणून राहवलं नाही. मी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीपासून अर्ध्या तासावर राहते. त्यांच्या अस्थी तिथल्या दफनभूमीत आहेत. ज्यांच्या घरी त्या न्यू जर्सीत रोझेलला आधी राहिल्या, त्या थिओडिसिया कार्पेंटर बाईंकडे अस्थी पाठवल्या गेल्या आणि बाईंनी आपल्या कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या. दगड साधा आहे. नाव आनंदीबाई जोशी, एम.डी., साल १८६५ ते १८८७, आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असा उल्लेख.

मी दर वर्षी ३१ मार्चला, त्यांच्या वाढदिवसाला जाते. तेव्हा कधी कधी बर्फ असतो, हाताने बाजूला करावा लागतो. मागच्या वर्षी गेले तर कोणीतरी हळदीकुंकू वाहून गेलं होतं. दगडाच्या खाचेत कुंकू ओलं झालं होतं.

कार्पेंटर बाईंची आणि त्यांची ओळख कशी झाली ते काकूंच्या यजमानांना आवडेल. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं, ते एका मासिकात छापून आलं. कार्पेंटर बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत होत्या, तिथे ते मासिक त्यांच्या हाती पडलं. त्यांनी घरी जाऊन पत्र लिहिलं. पुढे तीन वर्षं दोघींची पत्रं चालली आणि मगच भेट झाली.

---

खाडीकाठची

हडसनची हवा, तुमचा प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "श्रीरामपूरपर्यंत गोपाळरावांची जिथे जिथे बदली झाली तिथे ती पत्रं पत्ता बदलून पोचवली असणार कोणीतरी. त्या पोस्टमनांची नावं कुठे नाहीत." (श्रीरामपूर म्हणजे बंगालमधलं, कलकत्त्याजवळचं. निघण्याआधी १८८३ च्या फेब्रुवारीत आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का चाललो यावर तिथेच भाषण केलं होतं.)

पुढच्या ३१ मार्चला आम्ही इथे नसू. माझ्या वतीने एक फूल वाहाल का?

---

हडसनची_हवा

नक्की. कल्याणहून आलेलं म्हणून वाहीन.

---

गुडघेदुखी_आणि_मी

सगळं फार भावलं. आता थोडं जमिनीवरचं विचारते. माझं वय ६८, गुडघ्याची वाटी बदललीय. किती चालावं लागतं? त्या ७२ पायऱ्या चढल्याशिवाय म्युझियममध्ये जाता येतं का? एल्फ्रेथ्स अ‍ॅलीबद्दल ऐकलंय, तिथे दगडी रस्ता आहे म्हणे.

---

विटांचं_गाव

काकू, गाव सपाट आहे. विल्यम पेनने १६८२ मध्ये हे गाव आखलं ते काटकोनात. लंडनची १६६५ ची प्लेगची साथ आणि १६६६ ची आग त्याच्या मनात होती. म्हणून रुंद रस्ते, घराभोवती बाग, पाच मोठे चौक. उत्तर-दक्षिण रस्त्यांना आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना झाडांची नावं. चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. हरवायची भीती नाही. हॉल, घंटा, पोस्ट ऑफिस, फ्रँकलिनची कबर आणि एल्फ्रेथ्स अ‍ॅली एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात आहेत. उन्हाळ्यात जांभळ्या रंगाची फ्लॅश बस चालते, ती म्युझियमपर्यंत नेते. आणि म्युझियमला मागच्या बाजूने दार आहे, पायऱ्या चढायची गरज नाही.

एल्फ्रेथ्स अ‍ॅलीत गोटे आहेत खरे, पण कडेला विटांची पायवाट आहे. जेमतेम एक गाडी जाईल एवढी गल्ली, बत्तीस घरं, सगळ्यात जुनी १७२० च्या दशकातली, आणि आजही लोक राहतात. त्यामुळे खिडकीतून आत डोकावू नका. पण वर मान करून बघा. वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर लोखंडी दांड्यावर आरसे लावलेले दिसतील. खाली दाराशी कोण आलंय ते वरून दिसावं म्हणून. आणि दर्शनी भिंतीवर धातूच्या पाट्या. एकीवर चार हात एकमेकांची मनगटं धरून आहेत. फ्रँकलिन आणि मंडळींनी १७५२ मध्ये काढलेल्या आगविमा कंपनीची ती खूण. ही कंपनी पुढे दारात झाड असलेल्या घराचा विमा उतरवेना. झाडं असलेले लोक चिडले आणि त्यांनी १७८४ मध्ये वेगळी कंपनी काढली. तिची खूण हिरवं झाड. भिंतीवर झाड दिसलं की समजा, इथल्या घरमालकाने अंगणातलं झाड तोडलं नव्हतं.

---

खाडीकाठची

किती छान सांगितलंत! हात आम्ही पाहिले, झाड पाहायचं राहिलं.

गुडघेदुखी, म्युझियम चुकवू नका, आणि तेही एका खोलीसाठी. आत मदुराईच्या मदनगोपालस्वामी मंदिराचा मंडप उभा आहे. सोळाव्या शतकातले दगडी खांब. एका अमेरिकन बाईने १९१२ मध्ये मदुराईत ते विकत घेतले, आणि ती गेल्यावर घरच्यांनी १९१९ मध्ये तिच्या आठवणीसाठी म्युझियमला दिले. बाहेरच्या उन्हातून त्या गारव्यात शिरलो आणि पाय आपोआप चपलांतून निघायला लागले. तिथल्या रखवालदारांनी हसून मान हलवली, राहू दे म्हणाले. खांबावरच्या मूर्तींच्या गुडघ्यांना हात लागून लागून आलेली चकाकी अजून तशीच आहे. इथे आता कोणी हात लावत नाही, लावूही देत नाहीत. म्हणजे ती चकाकी मदुराईतल्याच हातांची. मी दहा मिनिटं बाकावर बसले, हे खांब मोजत होते.

पायऱ्या ह्यांनी चढल्या. 'रॉकी' सिनेमामुळे तिथे तरुण मुलं धावत वर जातात, हात उंचावतात. हे सावकाश गेले, मध्ये दोनदा थांबले. वर पोचल्यावर मागे वळून बघा. सरळ रेषेत सिटी हॉल दिसतो आणि त्याच्या टोकाला पेनचा पुतळा.

---

रानजाई

ताई, फ्रँकलिनच्या कबरीवर नाणी टाकलीत का? आमच्या मुलांनी टाकली होती.

---

खाडीकाठची

नाही टाकली. कबर कोपऱ्यावरच आहे, पाचवा रस्ता आणि आर्च स्ट्रीट. कुंपणाच्या लोखंडी गजांतून फुटपाथवरूनही दिसते. साधी आडवी शिळा, त्यावर त्याचं आणि बायको डेबोराचं नाव आणि साल १७९०. लोकांनी इतकी नाणी फेकली की दगडाला टवके गेले आणि शिळेची दुरुस्ती करावी लागली. शिळेवर नाण्यांचे ठिपके चमकत होते, एकदोन मुंग्याही फिरत होत्या. ह्यांनी खिशातून नाणं काढलं, परत ठेवलं आणि फक्त नमस्कार केला. म्हणाले, "साहेबांच्या टेबलावर पैसे फेकत नाहीत."

---

पहिलटकर_प्रवासी

मी आणि बायको पुढच्या आठवड्यात जातोय, लग्नानंतरची पहिलीच सहल. ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी हा जुना तुरुंग बघावा का? यादीत एल्फ्रेथ्स अ‍ॅली, मंडप आणि पोस्ट ऑफिस घातलंय.

---

विटांचं_गाव

जरूर बघा, पण सकाळी पहिल्या वेळेला जा, दुपारी आत फार उकडतं. १८२९ मध्ये उघडला, १९७१ मध्ये बंद झाला. कैद्याला पूर्ण एकांतात ठेवलं की तो पश्चात्ताप करेल अशी कल्पना होती. मधल्या चौकातून चाकाच्या आऱ्यांसारख्या ओळी निघतात, प्रत्येक कोठडीला छतात एक झरोका, तेवढाच उजेड. चार्ल्स डिकन्सने १८४२ मध्ये भेट दिली आणि एकांताची ही शिक्षा फार क्रूर आहे असं लिहिलं. कोठडीत एक मिनिट एकटं उभं राहा, बायकोला बाहेर थांबू द्या. मग अदलाबदल करा.

---

खाडीकाठची

आम्ही उन्हामुळे तो तुरुंग सोडला, तुम्ही नक्की बघा आणि इथे येऊन लिहा. दोघांनी पाण्याच्या वेगवेगळ्या बाटल्या घ्या. आणि नॉर्थ कॉलेज अव्हेन्यूला गेलात तर दिवसाउजेडी, टॅक्सी थांबवून ठेवा.

जमलं तर जाण्याआधी एक फोटो इंटरनेटवर बघून ठेवा. १० ऑक्टोबर १८८५ ला याच कॉलेजात काढलेला. साडीत आनंदीबाई, किमोनोत जपानच्या केइ ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. कॉलेजची कागदपत्रं आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. मी तो फोटो मोबाइलवर उघडून त्या भिंतीपुढे धरला होता.

---

खाडीकाठची

मंडळी, धागा वर काढतेय. आज पहाटे कल्याणहून शेजारच्या वहिनींनी फोटो पाठवला. पोस्टकार्ड पोचलं! एकोणीस दिवस लागले. पावसात एक कोपरा भिजलाय, ह्यांच्या अक्षराची शाई तिथे पसरलीय, पण शिक्का कोरडा आहे. गोल पूर्ण आणि 'बी. फ्री फ्रँकलिन' स्वच्छ वाचता येतंय. त्याच्या शेजारी कल्याणच्या पोस्टाचा शिक्का, थोडा तिरका. ह्यांनी काय लिहिलं होतं ते मलाही आजच कळलं :

"सुखरूप पोचलो. पाय दुखतात. ही माझ्यापेक्षा जास्त चालते. बाकी भेटीअंती."

वहिनींना सांगितलंय, कार्ड फ्रिजवर लावू नका, पुस्तकात सपाट ठेवा.